आई-बाबा, ते बूट घेऊ नका

ती. आई आणि बाबा,
साष्टांग नमस्कार.

आईने पाठवलेला बुटांचा फोटो बघितला. होडीच्या बुडासारखा गोलसर, जाडजूड सोल आणि शेजारी मजकूर : फक्त चाला, मांड्या-पोटऱ्या आपोआप घट्ट होतील, पाठ ताठ राहील, वजन उतरेल. आई, तू विचारलंस, "दोघांना एकेक जोड घेऊ का?" आणि त्याखाली बाबांचं उत्तर तयारच : "विचारतेस काय, घेऊन टाकू." फोनवर सांगायला गेले की तुम्ही दोघं एकमेकांना तोडून बोलता आणि माझं अर्धं राहून जातं, म्हणून लिहूनच काढते.

सरळ सांगायचं तर घेऊ नका. पैसे वाया जातील हा भाग आहेच, पण तेवढंच असतं तर मी एवढं लांबण लावलं नसतं.

हे खूळ नवीन नाही. 1996 च्या सुमारास कार्ल म्युलर नावाच्या स्विस इंजिनिअरने एमबीटी नावाचे असे बूट आणले. सपाट, टणक जमिनीवर चालून आपले स्नायू आळसावतात, तेव्हा पायाखाली मुद्दाम डळमळीत काहीतरी ठेवलं की शरीराला सतत तोल सावरावा लागेल आणि त्यातूनच व्यायाम होईल, असा त्यामागचा विचार. कल्पना अगदीच वेडगळ नाही. मऊ गादीवर उभं राहिलं की घोटे थरथरतात, ते आपण अनुभवतोच. असे बूट घालून नुसतं उभं राहिलं तर घोट्याभोवतीचे काही लहान स्नायू जास्त काम करतात, असं प्रयोगांतही दिसलं आहे. पण जाहिरातीत वचन दिलेलं असतं ते मांड्या आणि नितंब सुडौल होण्याचं, आणि तेही चालताना.

2009 च्या आसपास रीबॉक आणि स्केचर्स या लाटेत उतरले आणि हे बूट धडाक्याने खपले. तेव्हा अमेरिकन कौन्सिल ऑन एक्सरसाइज या संस्थेने विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या ला क्रॉस इथल्या संशोधकांकडून तपासणी करून घेतली. तीन कंपन्यांचे टोनिंग बूट (म्हणजे हेच, स्नायू घट्ट करतो म्हणून विकले जाणारे) आणि एक साधा धावण्याचा बूट. ट्रेडमिलवर चालवून ऑक्सिजन किती लागतो, कॅलरी किती जळतात, पोटरी, मांडी, नितंब, पाठ आणि पोटाचे स्नायू किती काम करतात, हे सगळं मोजलं. 2010 मध्ये निकाल आला : लक्षात घेण्याजोगा फरक कशातच नाही. प्रयोग लहान होता, दोन डझन तरुण मुलींचा, हेही सांगते, नाहीतर बाबा म्हणतील मी सोयीचं तेवढंच सांगते. पण बूट खरंच काम करत असते तर त्यांच्यातही थोडा फरक दिसायला हवा होता.

आता बाबांच्या आवडीचा भाग, कोर्टकचेरी. रीबॉकच्या जाहिरातीत आकडे होते : नितंबांचे स्नायू 28 टक्के आणि मांडीच्या मागचे व पोटरीचे 11 टक्के जास्त बळकट. फसव्या जाहिरातींवर कारवाई करणाऱ्या अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशन या सरकारी संस्थेने विचारलं, आधार काय? 2011 मध्ये कंपनीने अडीच कोटी डॉलर देऊन प्रकरण मिटवलं. पुढच्या वर्षी स्केचर्सने कमिशनला चार कोटी डॉलर मोजले. त्यांनी पुरावा म्हणून एका कायरोप्रॅक्टरचा (पाठीचे मणके हाताने दाबून उपचार करणाऱ्याचा) अभ्यास पुढे केला होता. कमिशनने दाखवून दिलं की या 'स्वतंत्र' अभ्यासकाची बायको कंपनीच्याच मार्केटिंग विभागात आहे! (बाबा, मोठ्याने हसू नका, ठसका लागेल.) आरोप कंपन्यांनी मान्य केले नाहीत, पैसे मात्र भरले. 2013 मध्ये पाच लाखांहून जास्त ग्राहकांना परतफेडीचे चेक गेले. त्यानंतर मोठ्या कंपन्यांच्या जाहिरातींची भाषा मवाळ झाली, पण ठोकळेबाज आश्वासनं देणारे बूट अजून कुठे ना कुठे निघतातच. तुझ्या फोटोतला जोड त्याच कुळातला.

आई, तुझ्या मैत्रिणीचं म्हणणं मी विसरलेले नाही : "पहिल्या आठवड्यात माझ्या पोटऱ्या इतक्या दुखल्या की कळलं, बूट काम करतायत." पोटऱ्या दुखल्या असतीलच, त्यात खोटं काही नाही. बूट जड, टाच टेकण्याची पद्धत वेगळी, चालच बदलते. ज्या स्नायूंना सवय नाही ते दोन-चार दिवस कुरकुरतात. मग शरीर नव्या चालीला रुळतं, दुखणं जातं आणि त्याबरोबर तो 'व्यायाम'ही संपतो. दुखलं म्हणजे लागू पडलं, हा हिशेब तू औषधाच्या बाबतीत कधी मान्य केला नसतास.

खरी काळजी मला वेगळी आहे. हा बूट विकला जातो तोच मुळी पाय डळमळीत करतो म्हणून. पंचविशीतल्या मुलीचा तोल जरा गेला तर ती सावरते आणि पुढे जाते. तुमच्या वयात सावरण्याचा तो क्षणच थोडा उशिरा येतो. आई, रात्री उठल्यावर तुला पहिली दोन-तीन पावलं चाचपडत टाकावी लागतात, हे तूच मला सांगितलं आहेस. बाबांना जिना उतरताना कठडा लागतो, ते सांगत नाहीत, पण मी बघते. अशा पायांखाली मुद्दाम गोल तळ ठेवायचा? धोकादायक वस्तूंच्या तक्रारींसाठी अमेरिकेत 2011 साली सरकारी नोंदवही सुरू झाली. पहिल्या काही महिन्यांत इजेच्या सगळ्यात जास्त तक्रारी याच बुटांच्या होत्या, हे कन्झ्युमर रिपोर्ट्स या मासिकाने पुढे आणलं. संख्या फार मोठी नव्हती, डझनांतच होती, पण मुरगळलेले पाय आणि दुखावलेले स्नायुबंध यांबरोबर त्यात मोडलेली हाडंही होती. एकदा खुब्याचं हाड मोडलं की मग मांड्या घट्ट आहेत की सैल, हे कोण विचारतं?

एक अपवाद मात्र सांगायला हवा, कारण तो बाबांना लागू होऊ शकतो. बाबा, तुमच्या उजव्या पायाच्या अंगठ्याचा सांधा आखडलाय, चालताना वाकत नाही. अशा दुखण्यात पुढून वर वळलेला, न वाकणारा सोल डॉक्टर स्वतः सुचवतात, म्हणजे सांध्यावर जोर न येता पाऊल पुढे घरंगळतं. मधुमेहात चवड्याखाली जखम होऊ नये म्हणूनही तसे बूट बनवून देतात. पण तो झाला उपचार, पाय तपासून, मोजमाप घेऊन. जाहिरातीतला सुडौलपणा वेगळा. तेव्हा अंगठा जास्त दुखत असेल तर हाडांच्या डॉक्टरांना एकदा पाय दाखवा. त्यांनी तसा सोल सांगितला तर मी एक अक्षर बोलणार नाही.

मग घ्यायचं काय? साधा चालण्याचा बूट, नीट बसणारा. दुकानात संध्याकाळी जा, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात. रोजचे मोजे घालूनच माप द्या. दोन्ही पाय मोजून घ्या, बहुतेकांचा एक पाय थोडा मोठा असतो, आणि मोठ्या पायाचं माप घ्या. उभं राहिल्यावर सगळ्यात लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी आणि बोटं आडवी दाबली जाता कामा नयेत. आई, तुझा नेहमीचा घोळ इथेच होतो : लांबी बरोबर म्हणून तू अरुंद बूट घेतेस, मग करंगळीवर भोवरी येते. आणखी एक करून बघा. बूट हातात घेऊन पुढचं टोक वर वाकवा. तो चवड्यापाशी वाकला तर ठीक, मधोमध घडी पडली तर ठेवून द्या. मग ओल्या कपड्यासारखा पिळून बघा. सहज पिळला जात असेल तर त्यात दम नाही. टाचेचा मागचा भाग बोटाने दाबला तर आत जाता कामा नये. बाकी रंग, चकाकी, हवेच्या पिशव्या, सगळं दुकानदाराचं. 'घालून घालून सैल होईल' असं तो म्हणाला तर तिथून उठा.

आणि तोलाचा व्यायाम हवाच आहे ना, तर तो बूट काढून, घरात, आधाराला धरून करायचा. स्वयंपाकघराच्या ओट्याला हात लावून टाचा सावकाश उचला, सावकाश टेकवा. एक पाय जरा उचलून दुसऱ्यावर उभे राहा, हात ओट्याजवळच ठेवा. खुर्चीवरून हाताचा जोर न लावता उठा, बसा, उठा. मांड्यांना जे बळ यायचं ते याने येईल. न्यूझीलंडमध्ये ओटागो नावाने अशाच व्यायामांचा एक कार्यक्रम तयार झाला. म्हाताऱ्या माणसांवर तो करून पाहिला तेव्हा पडण्याचं प्रमाण साधारण 35 टक्क्यांनी घटलं. जागतिक आरोग्य संघटनाही पासष्टीपुढच्यांना आठवड्यातून तीन दिवस तोलाचे आणि बळाचे व्यायाम करा म्हणते, चालण्याच्या जोडीला.

चालण्याबद्दल बाबांना एकच सांगायचं आहे. त्या घड्याळातल्या दहा हजार पावलांच्या मागे लागू नका. तो आकडा साठच्या दशकातल्या एका जपानी पावलं-मोजणी यंत्राच्या विक्रीतून आला आहे, डॉक्टरांच्या संशोधनातून नाही. 2019 मध्ये सरासरी 72 वर्षांच्या हजारो अमेरिकन स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. दिवसाला जेमतेम 2,700 पावलं चालणाऱ्यांपेक्षा 4,400 चालणाऱ्यांचं मृत्यूचं प्रमाण बरंच कमी दिसलं, आणि साडेसात हजारांच्या पुढे फायदा फारसा वाढला नाही. तेव्हा रात्री जेवणानंतर आकडा भरून काढायला दिवाणखान्यात येरझाऱ्या घालणं बंद केलंत तरी चालेल. आईला झोपू तरी द्या.

मी इथे बसून उंटावरून शेळ्या हाकते असं वाटेल. म्हणून बुटांचं मी माझ्या अंगावर घेते. दोघांनी कोऱ्या कागदावर मोजे घालून उभं राहायचं, पूर्ण वजन पायावर टाकून, आणि दुसऱ्याने पेन्सिल सरळ उभी धरून पावलाभोवती रेघ मारायची. आईच्या कागदावर बाबांनी, बाबांच्या कागदावर आईने. डावा-उजवा लिहायला विसरू नका. कागदाशेजारी पट्टी ठेवून फोटो पाठवा. दोन-तीन प्रकार मी निवडून कळवते, पण घ्यायचे ते दुकानात जाऊन, घालून, चालून बघितल्यावरच. आणि बाबा, डॉक्टरांची वेळ घेतलीत की मला कळवा, 'बघू' असं नाही, तारीख.

तुमची लाडकी,
लेक