‘काय ओढतोस?’ असे विचारणाऱ्या डॉक्टर मॅडमना

आदरणीय डॉक्टर मॅडम,
सविनय नमस्कार.

माझ्या धाकट्या भावाला आपण पहिल्यांदा तपासले, त्याला आता आठ महिने झाले. त्याआधी वर्षभर त्याच्यावर दम्याचे उपचार चालू होते, आणि पंप घेऊनही ठाणे स्टेशनचा पूल चढताना तो मधल्या टप्प्यावर कठडा धरून उभा राहत असे. वय एकतीस, विडी-सिगारेट नाही, म्हणून आम्ही सगळेच दम्यावर विश्वास ठेवून होतो. आपण टू-डी इकोमध्ये हृदयाची उजवी बाजू फुगलेली पाहिलीत, मला थोडा वेळ बाहेर बसायला सांगितलेत आणि त्याला सरळ विचारलेत, ‘काय ओढतोस?’ चार वर्षे तो ‘आइस’, म्हणजे मेथॲम्फेटामाइन, ओढत होता. ‘त्यांच्या आवाजात राग नव्हता, म्हणून खरं सांगून टाकलं,’ असे तो मला नंतर म्हणाला. आभार मानायचे आहेत ते मुख्यतः त्या एका प्रश्नाबद्दल.

प्रिस्क्रिप्शनच्या मागे आपण काढलेले चित्र मी जपून ठेवले आहे. शरीरभर फिरून आलेले सगळे रक्त फुप्फुसांतून जाते आणि मेथॲम्फेटामाइन हे द्रव्य तिथे मोठ्या प्रमाणावर साठते. ते रक्तवाहिन्या आवळते आणि त्यांच्या अस्तराच्या पेशींमध्ये ऑक्सिजनचे अतिक्रियाशील रेणू इतके वाढवते की, त्यांना आवर घालणारे पेशीचे स्वतःचे ग्लुटाथायोन अपुरे पडते, हे आपण बॉलपेनने ठिपके काढत समजावलेत. या ऑक्सिडेटिव्ह ताणात पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या तंतुकणिका बिघडतात, डीएनएला इजा होते, काही पेशी मरतात आणि उरलेल्या वेड्यावाकड्या वाढून वाहिनीची भिंत जाड करतात. आपण ती भिंत गिरवत गेलात आणि शेवटी मधोमध केसाएवढी पांढरी रेघ उरली. फुप्फुसधमनीतला सरासरी दाब विश्रांतीच्या वेळी पाऱ्याच्या २० मिलिमीटरपेक्षा जास्त असू नये. कॅथेटर घालून मोजला, तेव्हा त्याचा ४६ निघाला; म्हणजे आजार दमा नव्हता, फुप्फुसधमनीचा उच्च रक्तदाब (पल्मनरी हायपरटेन्शन) होता.

आपण सांगितलेली ॲमिनोरेक्सची हकिगत मात्र आईसाठी फार मोलाची ठरली. भूक मारणारे, रासायनिकदृष्ट्या याच द्रव्याच्या जवळचे हे औषध १९६५ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये आले, ऑस्ट्रिया आणि पश्चिम जर्मनीतही विकले गेले, आणि दोनतीन वर्षांतच तिथल्या डॉक्टरांना याच आजाराचे रुग्ण एकाएकी वाढलेले दिसले. ती माणसे वजन कमी करायला गोळी घेत होती. हे ऐकल्यावर आईने कित्येक दिवसांनी भावाच्या पाठीवर हात ठेवला.

त्याच भेटीत तिने व्हिटॅमिन सी आणि आवळ्याच्या रसाबद्दल विचारले. आवळा खुशाल द्या, पण जाड झालेली भिंत त्याने पातळ होत नाही, आधी ओढणे पूर्ण थांबले पाहिजे आणि सोबत वाहिन्या सैल करणारी औषधे नियमित गेली पाहिजेत, असे आपण तिला शांतपणे सांगितलेत. थांबवल्यावर सगळे पूर्ववत होईल, असे खोटे आश्वासन आपण दिले नाहीत, याबद्दलही मी आपली ऋणी आहे.

मधे तो एकदा घसरला, तेव्हा त्याने पहिला फोन आपल्याला केला, मला नंतर. त्यालाही आता पाच महिने झाले. गेल्या मंगळवारी सहा मिनिटे चालण्याच्या चाचणीत तो ३९० मीटर चालला. पहिल्या वेळी २७० चालला होता. आपल्या फाइलमध्ये ती नोंद आहेच, तरी तो आकडा आपल्याला माझ्या हाताने लिहून कळवावा, असे फार वाटले.

आपली कृतज्ञ,
एका रुग्णाची मोठी बहीण