यकृताचा तक्ता फुप्फुसाला लावू नये

संपादक महोदय,

फुप्फुसातील गाठ मायक्रोवेव्हच्या उष्णतेने जाळण्याविषयीच्या बातम्यांत ‘प्राण्यांवरील चाचणी यशस्वी’ एवढेच छापले जाते. कोणता अवयव, जिवंत की कापलेला, हे वाचायला मिळत नाही. मेख तिथेच आहे.

‘इतके वॅट, इतकी मिनिटे, जळालेल्या भागाचा इतका व्यास’ हा उपकरणासोबतचा तक्ता पुष्कळदा खाटकाकडून आणलेल्या यकृतावर बेतलेला असतो. त्यात रक्त वाहत नाही. जिवंत फुप्फुसात सुमारे ३ मिलिमीटरहून जाड रक्तवाहिनी शेजारी असली, तर ती उष्णता ओढून नेते आणि तिच्या कडेच्या पेशी वाचतात. हवेची अडचण वेगळीच. हवा गाठीभोवती गोधडीसारखी बसते. गाठ आतून तापते, पण भोवतीची निदान ५ मिलिमीटर कड, जी मारायलाच हवी, ती ६० अंशांपर्यंत पोहोचेलच असे नाही. चाचणीसाठी घेतलेल्या निरोगी डुकराच्या फुप्फुसात गाठच नसल्याने ही उणीव चाचणीत उघडी पडत नाही.

मोजमापातही घोळ होतो. सीटी स्कॅनवर जळालेल्या भागाभोवती धूसर वलय दिसते; त्याची बाहेरची कड म्हणजे मेलेल्या पेशींची सीमा नव्हे. लगेच केलेली, सूक्ष्मदर्शकाखाली बघायची नेहमीची स्लाइडही फसवते, कारण उष्णतेने जागीच गोठलेल्या पेशी धडधाकट दिसतात. म्हणून ताजा काप टीटीसी (जिवंत पेशींत लाल होणारे रसायन) याच्या १ टक्का द्रावणात ३७ अंशांवर २०-३० मिनिटे ठेवतात: जिवंत भाग विटकरी होतो, मेलेला फिकट राहतो. पण कडेला रक्त साचलेले असले तर तो लाल रंग कशाचा, हे सांगता येत नाही. तेव्हा गोठवलेल्या कापावर एनएडीएच रंजन (जिवंत पेशींतील विकराची क्रिया रंगाने दाखवणारी पद्धत) करावे. काप अँटेनाच्या, म्हणजे उष्णता देणाऱ्या सुईच्या, रेषेतच घ्यावा, आडवा गेला की जळालेल्या भागाची लांबी हाती लागत नाही. फुप्फुस बाहेर काढताच आकसते. ते २०-२५ सेंटिमीटर पाण्याच्या दाबाने फॉर्मेलिन (ऊती टिकवणारे द्रावण) भरून फुगवता येते, मात्र फॉर्मेलिन लागल्यावर टीटीसी चालत नाही. दोन्ही हवे असेल तर नमुने आधीच वेगळे ठरवावे लागतात; ऐनवेळी ठरवले की एक तरी हातचा जातो.

मोठ्या प्राण्यांच्या प्रयोगाला संस्थेच्या नैतिकता समितीबरोबर केंद्रीय समितीचीही मंजुरी लागते. इतके करून आकडा यकृताचाच वापरला, तर ते प्राणी फुकट गेले. आरोग्य विज्ञान विद्यापीठ नाशकातच आहे. तिथल्या अभ्यासकांनी असे अहवाल तपासताना ऊती, रक्तप्रवाह, व्हेंटिलेटरची स्थिती (फुप्फुसात तेव्हा किती हवा होती) आणि रंजनाची पद्धत या चार नोंदी आधी मागाव्यात.

— वैद्यकीय उपकरण क्षेत्रातील काही वाचक, नाशिक