पुढे ४४ मागे २० दाते सांगून ४४-१६ ची सायकल दिली, आणि वर म्हणे पुढची चकती मोठी टाका

प्रति,
कस्टमर केअर विभाग

विषय: क्रूझर सायकलला मागे चुकीच्या दात्यांचा स्प्रॉकेट (चेन बसते ती दातेरी चकती), आणि बदली म्हणून आलेला पार्टपण चुकीचाच

नमस्कार,

मी नेरूळला राहते, घरीच ब्लाऊज-ड्रेस शिवून देते. दिवाळीच्या आधी तुमच्याकडून ऑनलाइन क्रूझर मागवली, २६ इंची, जाड टायरवाली, पायडल उलटं दाबलं की मागचा ब्रेक लागतो ती. बास्केटमधे शिवलेले कपडे टाकून सीवूड्स, बेलापूरला पोचवायचे आणि रविवारी ताईकडे जायचं, एवढ्यासाठीच घेतली. रंग छान आहे, सीट छान आहे, घंटी तर बिल्डिंगमधली पोरं येताजाता वाजवून जातात, त्याबद्दल काही म्हणणं नाही.

पाम बीच रोडवर पहिले चार दिवस मजेत गेले, सपाट रस्ता, गाडी एकदा पळायला लागली की काही वाटतच नाही. पण ताई राहते बेलापूरला पारसिक हिलवर आणि तिथला चढ लागला की माझं पायडल खालीच जाईना, उभं राहून सगळं वजन टाकलं तरी पायडल वरच्या वर थबकून बसायचं, शेवटी उतरून ढकलत नेली. मला वाटलं आपलीच पन्नाशी आली, गुडघे बोलायला लागले, ताईपण तेच म्हणाली आणि वर तेल लावायला सांगितलं. दोन रविवार मी तेल लावलं हो. तिसऱ्या रविवारी भाचा म्हणाला मावशी दाते मोजलेस का.

मग पार्किंगमधे बसून मोजले. ग्रीसने काळं झालेलं सगळं, अकरा-बारापर्यंत गेलं की कुठून सुरू केलं तेच विसरायला होतं, म्हणून एक दाता पुसून त्याच्यावर टिकली चिकटवली आणि तिथून मोजलं. तीनदा मोजलं, तीनदा १६. पुढच्या चकतीला ४४, ते बरोबर आहे. पण तुमच्या वेबसाइटवर मागे २० लिहिलंय, आणि खाली "चढावरही आरामदायी" असंही लिहिलंय, दोन्हीचा स्क्रीनशॉट सोबत जोडलाय.

आता तुम्ही म्हणाल चार दात्यांनी काय होतं. ४४ भागिले १६ म्हणजे २.७५, पायडल एकदा फिरलं की मागचं चाक पावणेतीन वेळा फिरतं. २० असते तर २.२. मी जमिनीवर टेलरच्या खडूने खुणा करून पायडलच्या एका पूर्ण फेऱ्यात सायकल किती पुढे जाते ते शिवणाच्या टेपने मोजलं, टेप दीड मीटरचा त्यामुळे चार वेळा लावावा लागला, ५ मीटर ७० सेंटीमीटरच्या आसपास आलं. २० ला ते साधारण साडेचार मीटर झालं असतं. म्हणजे प्रत्येक फेऱ्याला मीटरभर जास्त अंतर माझ्याकडून ओढून घेताय तुम्ही, आणि ते चढावर. सायकलवाले याला गिअर इंच म्हणतात, दात्यांचा भागाकार गुणिले चाकाचे इंच, माझी येते साडेएकाहत्तर. जुन्या फोटोत ती एक मोठं चाक एक छोटं चाक अशी सायकल असते ना, जिला पायडल थेट पुढच्या चाकालाच असायचं, तिचं चाक साडेएकाहत्तर इंचांचं केलं तर जेवढं जड जाईल तेवढी ही जड. शिडी लावून चढावं लागेल त्याच्यावर. २० दात्यांनी हाच आकडा ५७ वर येतो.

हे झालं दात्यांचं. पण हे पत्र लिहायला बसले ते फोनमुळे. तुमच्या कस्टमर केअरला फोन लावला, वीस मिनिटं म्युझिक ऐकलं, मग एक मुलगा आला आणि सगळं ऐकून घेऊन म्हणाला, मॅडम पुढची चकती मोठी टाका, ४८ ची, मोठी चकती म्हणजे जास्त ताकद. अहो उलटं आहे ते! ४८ ला १६ म्हणजे पूर्ण ३, आहे त्याहून जड. मी काही इंजिनियर नाही पण तीस वर्षं मशीन चालवलीय. माझ्या मशीनला पहिल्यांदा मोटर बसवली तेव्हा मिस्त्रीने मोटरच्या बाजूला मोठी पुली लावून दिली, मशीन सुसाट पळायची पण जीन्सची चार पदरी शिवण आली की सुई अडकायची आणि मोटर नुसती घूं घूं करत बसायची. छोटी पुली लावली, वेग गेला पण सुई आरपार जायला लागली. सायकलचंपण तेच. ताकद लावतो त्या बाजूला मोठं चाक घेतलं तर वेग मिळतो, जोर मिळत नाही. जोर पाहिजे तर पुढे छोटी किंवा मागे मोठी. हे एका शिंपिणीने सायकल कंपनीला सांगायचं?

बरं, कटकट केल्यावर पार्ट पाठवला. बॉक्स उघडला तर २० दात्यांची फ्रीव्हील, आटे असलेली, गोल फिरवून हबवर, म्हणजे चाकाच्या मधल्या भागावर बसवायची. माझ्या सायकलला कोस्टर ब्रेक आहे, म्हणजे तोच उलट पायडलचा, त्या हबला फ्रीव्हील बसतच नाही, त्याचा स्प्रॉकेट म्हणजे साधी पातळ चकती असते, आत तीन खाचा आणि वरून एक तारेची रिंग. आमच्या इथल्या सायकलवाल्या काकांनी बॉक्स बघितला आणि परत माझ्या हातात दिला, म्हणाले हे घ्या, पेपरवेट म्हणून वापरा. त्यांनीच अजून एक सांगितलं जे तुमच्याकडून कोणी बोललं नाही, की मागे चार दाते वाढले की चेनपण एक इंच वाढवावी लागते, नाहीतर चाक अर्धा इंच पुढे सरकवावं लागतं आणि माझ्या फ्रेमच्या खाचेत चाक आधीच पुढच्या टोकाला आहे, तिथे जागाच नाही. म्हणजे बरोबर स्प्रॉकेट आला असता तरी चेनशिवाय तो बसलाच नसता.

आणि ब्रेकचं वेगळंच. मागे १६ असले की उलट पायडल दाबल्यावर हबवर जोर कमी पडतो. २० ला तेवढ्याच पायाच्या दाबाने ब्रेक सव्वापट लागतो. ताईकडून खाली उतरताना दरवेळी मला असं वाटतं की ब्रेक जरा उशिराच ऐकतोय, ते का ते आता कळलं. चढाचं एकवेळ सोडा, ढकलत नेईन, उताराचं काय करू?

तुमच्या त्या मुलाने शेवटी असंपण विचारलं की २२ पाठवू का, अजून हलकी होईल. नको. २२ ला बरोबर २ येतं, पाम बीचवर मिनिटाला ६० फेरे मारले तर ताशी पंधरा किलोमीटरच्या आतच, खाडीवरचा वारा मागून असला की पाय नुसते गरगरत राहतील. २० ला तेवढ्याच फेऱ्यांत साडेसोळाच्या जवळ जाते, माझ्यासाठी तेच बरोबर आहे आणि तुम्ही विकलंयपण तेच.

तर मला एवढंच पाहिजे. कोस्टर हबचा २० दात्यांचा स्प्रॉकेट, त्याची रिंग, आणि चेनचा वाढीव तुकडा जोडायच्या लिंकसकट, नाहीतर पूर्ण नवी चेन, आठ दिवसांत. बसवायची मजुरी मी इथल्या काकांना देईन आणि बिल पाठवेन, ते तुम्ही द्यायचं. तुमचा माणूस येऊन बसवणार असेल तरी चालेल, फक्त चाक परत लावताना ब्रेकची जी पट्टी फ्रेमला स्क्रूने बांधलेली असते ती घट्ट करून जायची, ती सैल राहिली तर ब्रेक दाबल्यावर आख्खा दांडाच फिरतो असं काका म्हणाले. आणि वेबसाइटवरचे दात्यांचे आकडे एकदा खरी सायकल समोर ठेवून तपासा. आठ दिवसांत काही झालं नाही तर मी १९१५ वर, म्हणजे ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार टाकणार आहे, बिल, स्क्रीनशॉट आणि टिकलीचा फोटो सगळं तयार आहे.

आपली,
नेरूळची ग्राहक
(ऑर्डर नंबर आणि मोबाइल नंबर ईमेलमधे दिलाय)

ता. क. तुमची फ्रीव्हील माझ्याकडे बटणांच्या डब्यात पडलीय. परत न्यायला माणूस पाठवा, पण दुपारी दोन ते चार नको, तेव्हा मी ट्रायलला आलेल्या बायकांमधे असते.