शनिवारच्या खेळाआधी

चि. निखिल यास,
अनेक आशीर्वाद.

रविवारी तू भरल्या ताटावरून उठून ऐरोलीला गेलास, त्याबद्दल आता काही लिहीत नाही. बाबाही गप्पच आहेत. शनिवारी सोसायटीच्या हॉलमध्ये मूकपट लावणार आहेस, असं सोनल म्हणाली. फोनवर सांगितलं की तू नुसता 'हो हो' करतोस आणि ऐकू आलं की नाही तेच कळत नाही, म्हणून लिहून पाठवतेय.

आधी 'कालिया मर्दन' लाव. १९१९ चा आहे, पण पोरं हलणार नाहीत. सुरुवातीलाच फाळक्यांची मुलगी मंदाकिनी नुसत्या चेहऱ्याने एकेक भाव करून दाखवते, आणि मग तीच कृष्ण होते. तेवढ्यात कुणी मोबाईलमध्ये डोकं घातलं तर गेलंच. बोलपटात मान खाली असली तरी कान गोष्ट पुढे नेतात. इथे बघावंच लागतं, आणि एकदा बघायला लागलं की सुटत नाही.

वेग नीट बघ. माणसं तुरुतुरु पळताना दिसतात तो दोष चित्रपटाचा नाही. तेव्हा कॅमेऱ्याचं हँडल हाताने फिरवत: सेकंदाला साधारण दोन फेरे, फेऱ्याला आठ चौकटी (फिल्मवरची एकेक चित्रं), म्हणजे १६. बोलपट आल्यावर २४ ठरल्या. १६ चं २४ ने दाखवलं की सगळं दीडपट पळतं, तासाभराचा चित्रपट चाळीस मिनिटांत उरकतो. चालणारी माणसं आणि पडणारं पाणी आधी बघून घे. घाई वाटली तर प्लेअरचा वेग ०.७५ कर, म्हणजे १८ होतील. हात सारखा फिरत नसे, त्यामुळे एकाच चित्रपटात वेग बदलतो; मधली दोन-तीन दृश्यंही तपास. पडद्याला ४:३ ठेव, ताणलंस तर चेहरे फुगतात. टीव्हीवर लावणार असशील तर हालचाल गुळगुळीत करणारं सेटिंग बंद कर.

वेग कमी केलास की फाइलमधलं संगीतही रडायला लागेल, तेव्हा ते म्यूट कर. पण अगदी शांतही ठेवू नकोस, खुर्च्या करकरतात आणि लोक कुजबुजतात. त्या काळीही समोर पेटी-तबला असायचाच. पेटीवाल्याला पडद्याच्या डावीकडे बसव आणि तू उजव्या टोकाला बस, म्हणजे तुझा डावा कान हॉलकडे राहील.

बघ, आलंच कानावर. लिहिणार नव्हते.

मोठ्यांसाठी अमेरिकन विनोदी नट बस्टर कीटनचा 'स्टीमबोट बिल ज्युनियर' ठेव, १९२८ चा. वादळात घराची अख्खी दर्शनी भिंत त्याच्या अंगावर येते आणि तो माळ्याच्या खिडकीच्या चौकटीतून सुटतो. भिंत खरी, माणूस खरा. थोडा इकडे-तिकडे उभा असता तर संपलंच होतं. आज कितीही करामती दिसोत, तिथे श्वास अडकतो तो अडकतोच. तू पाच वर्षांचा असताना दाराच्या चौकटीत तसाच ताठ उभा राहायचास आणि 'आई, पाड' म्हणायचास. गालगुंडाच्या आधीची गोष्ट. ताप उतरला म्हणून आम्ही निश्चिंत झालो, कान तपासायला हवा होता.

तुला हे चित्रपट एवढे का आवडतात, ते मला रविवारी कळलं. तिथे तुला 'काय म्हणाला?' असं शेजारच्याला विचारावं लागत नाही. पण ऑफिसात विचारावं लागत असेल ना? रस्त्यावर उजवीकडून गाडी आली तर? तपासणीला अर्धा तास पुरतो. बंद खोलीत हेडफोन लावायचा, बारीक बीप आली की बटण दाबायचं. दुखत नाही.

पुन्हा भाषण झालं, माफ कर. स्वतःहून माणसं जमवून असा खेळ लावतोयस, केवढं बरं वाटतं सांगू. बाबांनी शेजारी दोघांना सांगूनही टाकलं.

दृश्यांच्या मधे येणाऱ्या मजकुराच्या पाट्या शेवटच्या रांगेतून वाचता येतात का ते आदल्या दिवशी बघ. लहान पोरांसाठी कुणीतरी मोठ्याने वाचा.

सोनलबरोबर डबा पाठवतेय. नौपाड्यात बुधवारी साडेपाचची वेळ घेऊन ठेवली आहे. नकोच असेल तर मंगळवारपर्यंत सांग, रद्द करते.

तुझी,
आई