डीजेच्या पापात इलेक्ट्रॉनिक संगीताला ओढू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या अंकात एका वाचकाने मिरवणुकीतल्या डीजेवर पत्र लिहिलंय. त्यांच्या संतापात मीही सामील आहे. आमच्या गल्लीच्या तोंडाशी साऊंडची भिंत उभी राहिली, की दुकानात टांगलेल्या तानपुऱ्यांच्या तारा कुणी न छेडता थरथरतात. पण जाता जाता त्यांनी 'इलेक्ट्रॉनिक संगीत म्हणजे सुरांचा खून' असं लिहून टाकलंय, तेवढं मला पटलं नाही.

मी मिरजेत तानपुरे करतो. एका दुपारी घोडीवर (तारा टेकतात त्या पट्टीवर) जवारी काढत, म्हणजे सूर घुमावा म्हणून ती घासत बसलो होतो आणि भाच्याने स्पीकरवर काहीतरी लावलं. पहिली दोन मिनिटं वाटलं, स्पीकर गेला. मग हातातली कानस थांबली. सूर सुरावर साचत चाललेला, आणि कोमल रिषभ असा उतरलेला की बाजाच्या पेटीवर शोधून सापडायचा नाही. म्हटलं, "अरे, हा तर राग मुलतानी!" भाचा हसला. "मामा, बाई स्वीडनची आहे."

कॅथरिन क्रिस्टर हेनिक्स. जन्म १९४८, स्टॉकहोम. गणितातली बाई. स्टॉकहोमच्या इलेक्ट्रॉनिक संगीताच्या स्टुडिओत यंत्रांवर काम केलेली, आणि शागीर्द मात्र गायक पंडित प्राणनाथांची. प्राणनाथ अब्दुल वहीद खाँसाहेबांकडे शिकलेले. वहीद खाँ कोण, तर ज्यांची कबर आमच्या मीरासाहेब दर्ग्यात आहे त्या अब्दुल करीम खाँसाहेबांचे भाऊबंद. गायकीचं घराणं एकच, किराणा. आता सांगा, परकी कोण?

तिला वीज कशाला लागली, हे कारागिराला चटकन कळतं. षड्ज-पंचमाचं, म्हणजे सा आणि प यांचं, खरं नातं कंपनांच्या हिशेबात ३:२ चं. पेटीत सप्तकाचे बारा सारखे तुकडे पाडलेले, त्यामुळे पंचम किंचित उतरा आणि गंधार चांगलाच चढा. पेटीवाल्यांना राग येईल, येऊ दे. इलेक्ट्रॉनिक वाद्याचा सूर मात्र हवा तिथे लावता येतो, अगदी केसभरसुद्धा. आम्ही तारेखालचं सूत सरकवून जी जागा शोधतो, तीच ती आकडे मांडून शोधत होती. १९७६ साली स्टॉकहोमच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयात, मॉडर्ना म्युझीटमध्ये, तिने असे सूर लावलेले कीबोर्ड वाजवले. 'द इलेक्ट्रिक हार्प्सिकॉर्ड' हे त्या रचनेचं नाव. ध्वनिमुद्रण जेमतेम पंचवीस मिनिटांचं, आणि त्याची सीडी निघाली २०१० साली. चौतीस वर्षं! पुढे इस्तंबूलला राहून मकाम, म्हणजे तिकडचे राग म्हणा, शिकली आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये तिथेच वारली. त्यानंतर काही महिन्यांत आमच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, हारतुरे झाले. तिची आठवण निघण्याचं काही कारणच नव्हतं म्हणा.

आता आमच्याकडची गोष्ट. मागे जवळच्याच एका गावातल्या मंडळाने गाण्याच्या कार्यक्रमाला माझ्याकडून तानपुऱ्यांची जोडी भाड्याने नेली. मी मुद्दाम ऐकायला गेलो. जोडी स्टेजवर झेंडूच्या माळा घालून उभी, आणि पडद्यामागे इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्याची डबी चालू. तीही पाव सूर चढलेली! गायिका बिचारी तासभर त्या डबीशी झुंजत होती. यात विजेचा काय दोष? बटण फिरवून कान लावायला कुणी बसलं नाही, एवढंच.

उरुसात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या नावाने दर्ग्यात गाणं होतंच. त्या दिवसांत एखाद्या दुपारी, मुलतानीच्या वेळेला, गावातल्या कुणी बऱ्या स्पीकरवर ही पंचवीस मिनिटं ऐकवावीत. त्या पत्रलेखकांनी जरूर यावं. शेजारी माझी जोडी ठेवीन, त्याच सकाळी जवारी काढलेली. भाडं नको. माळा मात्र घालू नका, लाखेच्या पॉलिशवर डाग पडतात.

आपला,
एक तंतुवाद्य कारागीर, मिरज (जि. सांगली)