केस घट्ट नकोत, आटोपशीर हवेत

चि. बाळ यास,

अनेक उत्तम आशीर्वाद.

व्यायाम करताना केस डोळ्यांवर येतात, पळताना मानेवर आपटतात आणि आवळून बांधले तर डोके दुखते, तेव्हा ते सरळ कापून टाकावेत का, असे तू विचारले आहेस. केस ठेवायचे की कापायचे, हा सर्वस्वी तुझा प्रश्न आहे. परंतु केवळ ते आवरत नाहीत म्हणून कापणार असशील, तर त्याआधी ते बांधायचे कसे हे एकदा नीट शिकून घे, कारण तुझी अडचण केसांच्या लांबीची नसून बांधण्याच्या पद्धतीची आहे. मुलींना या गोष्टी लहानपणापासून कोणी ना कोणी शिकवत असते. केस वाढवणाऱ्या मुलाला त्या कोणी सांगत नाही, आणि मग तो हाती लागेल त्या रबराने केसांची मोट बांधून मोकळा होतो. फोनवर सांगून हे समजणार नाही, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

केस जागेवर राहावेत म्हणून ते ओढूनच बांधले पाहिजेत, ही समजूत आधी डोक्यातून काढून टाक. केस जागेवर राहतात ते दोन कारणांनी: ते किती ठिकाणी धरलेले आहेत आणि त्यांचा मोकळा, हलणारा भाग किती आहे. पोनीटेल एकाच ठिकाणी धरलेली असते आणि तिचा बाकीचा सगळा भाग मोकळा असतो, त्यामुळे व्यायामासाठी ती सर्वांत सोयीची दिसली तरी सर्वांत कमी उपयोगाची आहे. पळणाऱ्याचे डोके प्रत्येक पावलाला वर-खाली होते, बाजूंना फारसे हलत नाही, आणि तरीही मागची शेपटी मात्र डावी-उजवीकडे झुलत राहते. जोसेफ केलर या अमेरिकी गणितज्ञाने 2010 साली या प्रश्नाचे गणित मांडले. टांगलेली वस्तू वर-खाली हलत राहिली की विशिष्ट लयीला तिची सरळ लोंबण्याची स्थिती टिकत नाही आणि ती बाजूंना झुलू लागते, असे त्याचे उत्तर होते. या कामाबद्दल त्याला, आणि पोनीटेलचा आकार कसा ठरतो यावर काम करणाऱ्या रेमंड गोल्डस्टीन, पॅट्रिक वॉरन व रॉबिन बॉल यांना मिळून 2012 चे भौतिकशास्त्राचे इग नोबेल पारितोषिक देण्यात आले. हे पारितोषिक आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला देतात. आपल्याला त्यातून घ्यायचे ते एवढेच की शेपटीच्या मुळाशी रबर कितीही आवळले तरी झुलणे थांबत नाही, कारण ते झुलणे शेपटीच्या लांबीवर आणि पावलांच्या लयीवर अवलंबून आहे. रबर जितके घट्ट, तितका प्रत्येक हिसका थेट मुळांना बसतो.

डोकेदुखीचे कारणही हेच आहे. केसांना स्वतःला संवेदना नसते, पण त्यांच्या मुळांभोवतीच्या त्वचेला ती भरपूर असते, आणि सतत ओढ बसली की ती दुखू लागते. डोकेदुखीच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात बाहेरून बसणाऱ्या ओढीमुळे होणाऱ्या डोकेदुखीला वेगळी जागा दिलेली आहे, आणि ओढ थांबल्यावर तासाभरात ती थांबते, अशी तिची खूण तिथे सांगितलेली आहे. तेव्हा केस सोडल्यावर तुझे डोके तेवढ्या वेळात उतरत असेल, तर गोळी घेण्याऐवजी रबर सैल कर. आणि उतरत नसेल, तर केसांना दोष न देता डॉक्टरांना दाखव.

मला डोकेदुखीपेक्षा जास्त काळजी वाटते ती कपाळाच्या आणि कानशिलांच्या कडेच्या केसांची. एकाच दिशेने, एकाच जागी, महिनोन्‌महिने ओढ बसत राहिली की तिथले केस विरळ होत जातात. त्वचारोगतज्ज्ञांना हे फार पूर्वीपासून माहीत आहे. ग्रीनलंडमधल्या स्त्रियांच्या घट्ट केशरचनेमुळे होणाऱ्या अशा केसगळतीची नोंद 1907 सालची आहे. सुरुवातीला मुळांशी लाली किंवा बारीक पुळ्या दिसतात, टाळू हुळहुळते, कडेला आखूड तुटके केस दिसू लागतात, आणि एवढ्यावर ओढ थांबवली तर केस परत येतात. दुर्लक्ष केले तर मुळांच्या जागी व्रण होऊन तिथे केस कायमचे येत नाहीत. मुलांच्या बाबतीत आणखी एक घोटाळा होतो. कपाळ मागे सरकू लागले की घराण्यातल्या टकलाला बोल लावला जातो आणि डोक्यावरच्या आवळलेल्या बुचड्याकडे कोणाचे लक्षच जात नाही. म्हणून केस बांधून झाल्यावर दोन्ही भुवया वर उचलून पाहा. कपाळाची कातडी ताणल्यासारखी वाटली किंवा डोळ्यांचे कोपरे मागे खेचले गेले, तर बांधणी सोडून पुन्हा बांध, आणि बांधण्याची जागाही अधूनमधून वर-खाली, इकडे-तिकडे बदलत जा.

आता रबराविषयी. पार्सलच्या पुडक्याला लावतात ते उघडे रबर केसांना कधीही लावू नकोस, मग ते हाताशी असो किंवा दुसरे काही नसो. केसाच्या पृष्ठभागावर बारीक खवले असतात, ते छपरावरच्या कौलांसारखे एकावर एक आणि टोकाच्या दिशेने बसवलेले असतात; उघडे रबर त्यांना चिकटून राहते आणि काढताना ते उचकटून काढते. कापडाने मढवलेले, जरा जाड, आणि जोडाच्या जागी धातूची पट्टी नसलेले रबर घे. ती पट्टी केस धरून ठेवते आणि नेमकी घाईत असताना तोडते. साटीनच्या चुण्यांचे जाड रबर केसांना सर्वांत सुखाचे, पण ते एकटे घसरते, म्हणून ते घरी बसण्यासाठी ठेव. टेलिफोनच्या वायरसारखी वेटोळी असलेली रबरे दाब बरीच वाटून घेतात, मात्र ती सैल पडली की टाकून द्यावीत. केसांना रबराचे जेवढे वेढे सहज बसतील तेवढेच दे. शेवटचा वेढा ओढून बसवावा लागला, तर तो एक वेढा जास्त झाला आहे असे समज.

आता मुख्य गोष्ट. पोहणे सोडून तुझ्या जवळजवळ सगळ्या व्यायामाला एकच बांधणी पुरेल, ती म्हणजे सागरवेणी. हसू नकोस. ती डोक्यालगत बसते, प्रत्येक बटेला अनेक ठिकाणी धरते, कपाळावरच्या आखूड केसांना वाटेतच सामावून घेते आणि ओढ एका जागी न साठवता सगळ्या डोक्यावर वाटून देते. आधी मोठ्या दातांच्या कंगव्याने टोकांपासून सुरुवात करून वर वर येत गुंता सोडवून घे. मग कपाळावरून चार बोटे रुंद बट उचल आणि तिचे तीन सारखे पेड कर. उजवा पेड मधल्यावर आण, मग डावा मधल्यावर आण, म्हणजे साध्या वेणीचा पहिला फेरा झाला. यापुढे बाहेरचा पेड मध्ये आणण्यापूर्वी त्याच बाजूने, कानाच्या दिशेने, एक बारीक बट उचलून त्या पेडात मिसळत जा. बटा दोन्हींकडे सारख्या जाडीच्या घेतल्यास तर वेणी मध्यावर राहील, नाहीतर ती कोणत्या बाजूला झुकली यावरून कोणता हात अधाशी आहे ते कळते. मानेपर्यंत आलास की घेण्यासारखे केस उरत नाहीत. तिथे एक रबर लाव, पुढे टोकापर्यंत साधी तिपेडी घाल आणि टोकाला दुसरे छोटे रबर लाव. पळायला जाणार असशील तर हे टोक वर दुमडून मानेवरच्या रबराखाली सरकव, म्हणजे झुलायला काही उरणारच नाही.

पहिल्या काही दिवसांत कोपरे वर धरून तुझे हात भरून येतील आणि वेणी वाकडी होईल. आरशात पाहून करू नकोस, कारण आरशात हात उलटे दिसतात आणि गोंधळ वाढतो. डोळे मिटून बोटांच्या स्पर्शावर केलेली वेणी लवकर साधते. पहिला पेड कपाळाशी मुद्दाम किंचित सैल सोड, कारण सागरवेणीसुद्धा आवळून घातली तर कपाळाच्या कडेला तोच त्रास देते. नुकतेच धुतलेले केस निसरडे असतात आणि वेणीतून सुटतात, म्हणून डोके धुतल्याच्या दुसऱ्या दिवशी सराव कर. फार आखूड बटा उरल्याच तर घाम टिपणारी रुंद कापडी पट्टी कपाळावर लाव. ती केस धरून ठेवण्यापेक्षा घाम डोळ्यांत उतरू न देण्याच्या कामाची जास्त आहे.

वजने उचलण्याच्या वेळी बांधणीची जागा महत्त्वाची. बाकावर उताणे झोपून दांडा उचलताना डोक्याच्या मागे गाठ असेल तर डोके टेकत नाही, मान पुढे ढकलली जाते आणि तू नकळत त्या अवस्थेत जोर लावतोस. त्या दिवशी वेणी एका खांद्यावरून पुढे घे आणि शर्टाच्या आत सोड. खांद्यांवर दांडा घेऊन बैठका मारताना मोकळे केस दांड्याखाली सापडतात आणि मान वर केली की मुळापासून खेचले जातात, तेव्हा दांडा घेण्यापूर्वी वेणी वर दुमडलेली हवी. तारा आणि कप्प्या असलेल्या यंत्रांजवळ, आणि ट्रेडमिलचा पट्टा चालू असताना त्याच्याशेजारी, सुटे केस घेऊन वाकायचे नाही. इथे मी सल्ला देत नसून बजावते आहे, कारण चालत्या यंत्राला केस आणि दोरी यांतला फरक कळत नाही. दोरावर चढण्या-उतरण्याचा खेळ कधी केलास तर तिथेही हेच, कारण उतरण्याच्या उपकरणात दोराबरोबर केस ओढले गेले की माणूस अधांतरी अडकून राहतो.

सायकलसाठी केस मानेजवळ खाली बांध. उंच बुचड्यावर हेल्मेट तिरके बसते आणि तिरके हेल्मेट कपाळ उघडे टाकते. ते भुवयांच्या वर दोन बोटांवर, सपाट बसले पाहिजे. शीर्षासन करणार असलास तर टाळूवर गाठ किंवा चाप काहीही नको.

समोर दुसरा माणूस असेल अशा खेळात पिना, आकडे, चाप यांतले काहीच केसांत ठेवायचे नाही, कारण ते तुझ्या टाळूत किंवा समोरच्याच्या डोळ्यांत जाऊ शकतात. ज्यूदोच्या आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे लांब केस प्रतिस्पर्ध्याची अडचण होणार नाही असे बांधावे लागतात, आणि ते बांधण्याची वस्तू रबरासारखी, कडक किंवा धातूचा भाग नसलेली असावी लागते. बास्केटबॉलमध्येही केसांतल्या अशा वस्तूंना मनाई आहे, कापडी पट्टी तेवढी चालते. अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगमध्ये तर हेल्मेटबाहेर लोंबणारे केस गणवेशाचा भाग समजले जातात आणि ते धरून खेळाडूला पाडणे नियमात बसते. तो खेळ तू खेळत नाहीस हे एका परीने बरेच आहे.

पोहण्यासाठी सिलिकॉनची टोपी घे, लॅटेक्सची नको. लॅटेक्स केसांना चिकटून ओढते. टोपी घालण्यापूर्वी केस साध्या पाण्याने भिजव, कारण केस आपल्या वजनाच्या सुमारे 30 टक्के पाणी शोषतात, आणि आधीच भरलेले केस तलावातले क्लोरीनचे पाणी कमी घेतात. तलावातले पाणी बाहेर खेचून नेणाऱ्या जाळीच्या जवळ डोके नेऊ नकोस. तिथे केस गुंतून बुडण्याचे प्रकार घडलेले आहेत, आणि अमेरिकेत तर अशा जाळ्यांची झाकणे सुरक्षित असावीत यासाठी 2007 साली कायदाच झाला.

व्यायाम संपला की वेणी सोड. घामेजलेले केस तसेच बांधून ठेवू नकोस. ओला केस जास्त ताणला जातो आणि लवकर तुटतो, म्हणून तो ओला असताना आवळायचा नाही आणि खसाखसा विंचरायचाही नाही. टॉवेलने दाबून घाम टीप, वाऱ्यावर सुकू दे आणि मग विंचर. कंगव्यात केसांचा पुंजका आलेला पाहून घाबरून जाऊ नकोस, कारण रोज 50 ते 100 केस गळणे स्वाभाविक असते आणि दिवसभर वेणीत अडकलेले ते केस सोडताना एकदम हाती येतात. त्यांतले दोन-चार उजेडात धरून पाहा. एका टोकाला पांढरा बारीक फुगवटा असेल तर तो केस आपल्या वेळेने गळलेला आहे. दोन्ही टोके तुटकी आणि केस आखूड असतील, तर रबर किंवा विंचरणे यांपैकी काहीतरी बदलायला हवे. अशा तुटक्या केसांचे प्रमाण वाढलेले दिसले, तर महिनाभर बांधणी आणखी सैल ठेव आणि कपाळाच्या कडेचा एक फोटो मला पाठव.

तुझी,
आई