तूर गावची, डाळ मात्र बाहेरची

मा. संपादक,
स. न.

संसदेचे अधिवेशन सुरू झाले की आमच्या गावच्या पारावर रात्री उशिरापर्यंत चर्चा रंगते. कोण फुटणार, कोणाला मंत्रिपद मिळणार, सगळे तोंडपाठ. बोलायलाच हवे, कारण दिल्लीचा निर्णय थेट आमच्या खळ्यावर येऊन पडतो. केंद्राने मे २०२१ मध्ये तुरीची आयात खुली केली, नंतर मुदत वाढवतच नेली. २०२४-२५ साठी हमीभाव क्विंटलला ७,५५० रुपये जाहीर झाला, पण नवी तूर यार्डात आली तेव्हा भाव त्याच्याही खाली. सरकार कोणाचेही असो, शहरातली डाळ स्वस्त ठेवायची ती शेतकऱ्याच्या जिवावर, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याच २०२१ मध्ये वेगळे सहकार मंत्रालयही झाले. त्यातले विदर्भातल्या खेड्यांत काय आले, हे आमच्या खासदारांनी सभागृहात विचारावे.

पण आपल्या हातात आहे ते आपण का करत नाही? जानेवारी-फेब्रुवारीत तुरीचे कट्टे अडत्याकडे टाकायचे आणि पोळ्याला दुकानातून किलो-किलोने डाळ आणायची, हे आता घरोघरी चालते. आमच्या आईच्या पिढीत असे नव्हते. तूर भिजवायची, लाल माती चोळायची, कडक उन्हात वाळवायची, मग जात्यावर भरडून पाखडायची. चुनी, म्हणजे भरडताना पडणारा चुरा आणि टरफल, गुरांना; वर्षाची डाळ घरात. आता जाते कोणी ओढणार नाही. मात्र अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने मिनी दाल मिल बनवून कितीतरी वर्षे झाली. क्विंटलभर तुरीतून साधारण सत्तर किलो डाळ पडते, चुनी वेगळी. अशी एक मिल गावाने मिळून घ्यावी. दहा वेगवेगळ्या कुटुंबांतले दहा जण जमले की राज्याच्या १९६० च्या सहकार कायद्याखाली सहकारी संस्था नोंदता येते. केंद्राने २०२० मध्ये आणलेल्या सूक्ष्म अन्न प्रक्रिया योजनेत ३५ टक्के अनुदान ठेवले. डाळ जमली की जवसाचे तेल, मिरचीचे तिखट. आधी गावाला पुरवायचे, उरले तर तालुक्याला.

सहकार म्हटले की लोक म्हणतात, "पुन्हा सोसायटी, पुन्हा पॅनेल!" त्यांची भीती खोटी नाही. ठेवी अडकलेली माणसे आमच्या नात्यागोत्यात आहेत. म्हणून कोणत्याही पक्षाचा पदाधिकारी संचालक नको. वही आणि चाव्या बचत गटाच्या बायांकडे द्याव्यात; रुपया-रुपयाचा हिशेब त्या कसा ठेवतात, हे प्रत्येक घराने पाहिले आहे. दर महिन्याचा जमाखर्च ग्रामपंचायतीसमोर सगळ्यांदेखत वाचला जावा.

आपल्याला एक विनंती. विदर्भात गावपातळीवर चालू असलेल्या आणि बंद पडलेल्या डाळ मिलची माहिती आपल्या पानांवर द्यावी. बंद पडलेल्यांची आधी द्या. भांडवल कमी पडले, वीज नव्हती की माणसे भांडली, हे पैसे गोळा करण्याआधी आम्हाला कळायला हवे.

आपला,
एक शेतकरी वाचक
ता. दारव्हा, जि. यवतमाळ